कोल्हापूरभोवती बांधकामं वाढतायत. पक्षी टिकवायला रिकाम्या माळांवर झाडं लावली तर उपयोग होईल का?

माळावर? नाही. उलट नुकसानच. हे वाचून आमचे दाजी परत माझ्याशी बोलायचे बंद होतील, पण सांगतोच.

कोल्हापूरजवळच्या पाचगावच्या पुढं एक माळ होता. मुरूम, खुरटं गवत, मधेच एखादी बोर. तिथं माळटिटव्या होत्या, चंडोल, डोंबारी ही पाखरं होती, थंडीत भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवतावरनं घिरट्या घालायचे. दाजींच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या ग्रुपनं ठरवलं, माळ हिरवा करायचा. पाच जूनला रोपं लावायची म्हणून मे महिन्यातच जेसीबी आणला. आणि माळटिटवीची वीण त्याच उन्हाळ्यात! उघड्या मुरमावर अंडी, घरटं म्हणजे भोवतीनं चार खडे. मी दाजींना नेऊन दाखवलं. जोडी डोक्यावर ओरडत होती. दाजी म्हणाले, "टिटवी व्हय? अपशकुनी! झाडं आली की चांगली पाखरं येतील की." जेसीबीवाला पोरगा शहाणा, त्यानं तेवढा तुकडा सोडून खड्डे काढले. पण पुढं लावलेली गिरिपुष्पाची झाडं फोफावली. आता तिथं बुलबुल आहेत, कोकीळ आहे, म्हणजे आमच्या गल्लीतल्या आंब्यावर आहेत तेच. माळटिटवी गेली ती गेलीच.

जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखराला चहूबाजूनं लांबवर दिसावं लागतं. झाड आलं की कावळ्याला टेहळणीचा बुरूज मिळतो. हे फक्त आमच्या माळाचं नाही. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जाती तपासल्यात. उघड्या माळरानातले पक्षी घटलेत आणि मोर, कोकीळ वाढलेत. दाजींना मी तो पाठवला होता. त्यांनी अंगठा पाठवला.

बांधकामांचं म्हणाल तर प्लॉट पडतात ते दिसतात, म्हणून सगळ्या शिव्या बिल्डरला. पण उपसा सिंचनाचं पाणी जिथं चढलं तिथं माळाचा ऊस झाला, आणि उसात चंडोलाला काय ठेवलंय? तळ्यांचंही तसंच. तुतवार या पाणकाठच्या पाखराला उथळ, चिखलाचा काठ लागतो. आपण दगडी पिचिंग करून वर फिरायला रस्ता काढतो आणि त्याला सुशोभीकरण म्हणतो.

झाडांना माझा विरोध नाही, हे आधी सांगायला पाहिजे होतं. रस्ता रुंद करताना वड-पिंपळ तोडले असतील तर तिथंच जवळपास परत लावा, फळं आली की तांबट, हरियाल येतील. माळावर काही करायचंच असेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी जाऊन आधी खाली बघा काय बसलंय, आणि जेसीबी घरी ठेवा.

आणि यंदाच्या खड्ड्यांना मी वर्गणी देणार नाही, हे दाजींना इथंच लेखी.