ऑडिशनमधल्या साइट-रीडिंगची (न पाहिलेलं संगीत कागदावरून थेट वाचून वाजवण्याची) तयारी मुलांकडून कशी करून घ्यावी? (मुलगी ११ वर्षांची, व्हायोलिन ग्रेड ३)

पाठ केलेलं सुरेख वाजवते पण नवा कागद दिसला की अडखळते, असं तुम्ही लिहिलंय. अशी मुलं बहुधा कानाने शिकलेली असतात. कान चांगला आहे, आता डोळ्यांना कामाला लावा.

आधी मोडायची ती चूक झाली की मागे जाऊन दुरुस्त करायची सवय. ऑर्केस्ट्रा कुणासाठी थांबत नाही. सूर चुकला तर चुकू दे, ताल सुटता कामा नये. मेट्रोनोम (टिकटिक करून ताल देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, शेजारी बसा आणि ती वाजवत असलेला बार (दोन उभ्या रेघांमधला तुकडा) पोस्टकार्डाने झाकत चला, म्हणजे नजर आपोआप पुढच्या बारवर जाते. दोन दिवस चिडचिड होईल, होऊ द्या.

एबीआरएसएम या ग्रेड परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या परीक्षेत वाजवण्याआधी अर्धा मिनिट मिळतो. ऑडिशनला कदाचित तेवढाही मिळणार नाही, तरी सराव त्याच हिशोबाने करा. आधी ‘की सिग्नेचर’ (कोणते सूर शार्प किंवा फ्लॅट) आणि ‘टाइम सिग्नेचर’ (एका बारमध्ये किती मात्रा) बघायचं. मग सगळ्यात जलद नोट्स शोधायच्या आणि लय त्यांच्यावरून ठरवायची. डी मेजर असेल तर डी आणि ए तारेवर दुसरं बोट तिसऱ्याला चिकटून, ई तारेवर मात्र पहिल्याला. हे बो (व्हायोलिनचा गज) उचलण्याआधीच बोटांत बसलेलं हवं.

साहित्य ग्रेड १ चं घ्या. रोज नवीन तुकडा, एकदाच. दुसऱ्यांदा वाजवला की ते साइट-रीडिंग उरत नाही. सरांना दर तासाला एक ड्युएट वाचून घ्यायला सांगा, सोबत कुणी वाजवत असलं की मागे जाताच येत नाही.