मंऽऽग

प्रश्न असा आलाय: 'आमच्या वऱ्हाडात गोष्ट सांगणारा माणूस "मंऽऽग", "दूऽऽर" असं लांबवतो. याला व्याकरणात काही नाव आहे का? आणि ते लिहायचं कसं?'

नाव आहे, प्लुत. मात्रा म्हणजे उच्चाराच्या वेळेचं माप: ऱ्हस्व स्वराची 1 मात्रा, दीर्घाच्या 2, प्लुताच्या 3. दुरून हाक मारताना वाक्याचा शेवटचा स्वर प्लुत होतो, असं पाणिनीचं सूत्रच आहे: 'दूराद्धूते च'. या धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) त्या धुऱ्याला 'गजाननाऽऽ' अशी हाक जाते, ती त्यातलीच. गोष्टीतलं लांबवणं मात्र हाकेपेक्षा नाजूक काम करतं.

माझे मामा दर्यापूरकडचे. जागलीची, म्हणजे रात्री पीक राखायला शेतात जाण्याची, गोष्ट ते अशी सांगत ('पऱ्हाटी' म्हणजे कपाशी): 'मंऽऽग मी निंगालो. अंधाऽऽर! हाताले हात दिसे नाई. धुऱ्यापाशी गेलो त पऱ्हाटीत सर्रर्र... सर्रर्र... बत्ती मारली. डुक्कर!'

इथं 'मंऽऽग'चा अर्थ नुसता 'नंतर' नाही. बोलणं अजून माझंच आहे, मधे कोणी शिरू नका, असं तो 'मंऽऽग' सांगतो. ऐकणारा 'हंऽ' म्हणतो आणि गोष्ट पुढं सरकते. 'अंधाऽऽर' हे माप आहे; 'खूप', 'भयंकर' असलं विशेषण मामांनी कधी वापरलं नाही, स्वर ओढूनच काळोख दाखवला. आणि 'डुक्कर' बघा, त्यातला स्वर जराही लांबवलेला नाही. तिथं स्वर ओढला असता तर गोष्ट तिथंच मेली असती. आधीचं सगळं ओढणं त्या एका तुटक शब्दासाठी होतं.

स, र, म यांनाही ओढता येतं. 'सर्रर्र' त्यातूनच होतं. ठ, त, क ओढता येत नाहीत. मग जीभ तिथंच दाबून धरायची: 'मोठ्ठा', 'इत्तासा'. तेही लांबवणंच, फक्त आवाजाऐवजी क्षणभराच्या थांबण्याचं.

लिहिताना अवग्रह, म्हणजे 'ऽ' हे चिन्ह, वापरावा. संस्कृतात तो लोपलेला 'अ' दाखवतो ('सोऽहम्'), मराठीनं त्याला ओढीच्या कामाला लावलं. थोडं लांबवलं तर एक, जास्त तर दोन. तिसऱ्याची गरज मला कधी पडली नाही. 'दूऊऊऊर' लिहू नये, वाचताना सुटे ऊ ऐकू येतात.

आजीची गोष्ट उतरवून घेत असाल तर ऐकणाऱ्याचा 'हंऽ'सुद्धा लिहा. तो गाळला की 'मंऽऽग' एवढा का लांबला, ते वाचणाऱ्याला कळत नाही.