सहा महिन्यांच्या बाळाला पहिलं अन्न काय द्यावं? डाळीचं पाणी चालेल का?

तुमचं बाळ या आठवड्यात सहा महिन्यांचं होतंय, सासूबाई डाळीच्या पाण्यानं सुरुवात करा म्हणतायत आणि तुम्ही चाखवलेली पेज त्यानं जिभेनं बाहेर ढकलली, असं तुम्ही लिहिलंय. मी सांगलीत राहते, माहेर पाटण तालुक्यातलं. थोरलीच्या वेळी मीही डाळीच्या पाण्यानंच सुरुवात केली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुकर उघडला की डाळ तळाशी बसलेली असायची. वरचं पिवळं पाणी वाटीत काढायचं, थेंबभर तूप सोडायचं आणि पाजायचं. दिवसातून तीनदा ती वाटी वाटी संपवायची आणि मला वाटायचं, पोरगी किती छान जेवतेय. सहा महिन्यांची असताना तिचं वजन 7 किलो 100 ग्रॅम होतं, साडेआठव्या महिन्यात 7 किलो 250. वजनाच्या तक्त्यावरची रेघ आडवी झाली होती आणि मी ती पाहिलीच नव्हती. काय देता, असं आमच्या बालरोगतज्ज्ञांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी एक चमचा उचलून तिरका धरला आणि म्हणाले, "असा कलता केल्यावर ओघळून जातं ते पाणी. घास चमच्यात थांबला पाहिजे."

सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 200 मिलिलिटर मावतं. ते पाण्यानं भरलं की बाळ दूधही कमी ओढतं, म्हणजे दोन्हीकडून उपाशी. डाळीतली प्रथिनं आणि लोह मुख्यतः तळाशी बसलेल्या डाळीत असतं, वरच्या पाण्यात फारच थोडं उतरतं. सासूबाईंना विरोध करू नका. डाळ तीच, कुकर तोच ठेवा, फक्त पाण्याऐवजी तळाची डाळ मऊ भातात कुस्करून द्या. खिमट तर उत्तमच: दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून रवाळ दळायची, आणि लागेल तसं शिजवायचं. वरून अर्धा चमचा तूप. मीठ, साखर, गूळ वर्षाचं होईपर्यंत नको. आपल्याला अळणी लागतं, त्याला नाही.

नाचणीबद्दल वेगळं सांगते, कारण तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि आपल्याकडे ती सहज मिळते. माझी आई नाचणी रात्रभर भिजवून धोतराच्या फडक्यात बांधायची. मोड आले की सावलीत वाळवायची, मंद आचेवर अगदी हलकी भाजून दळायची. "मोडाचं पीठ चिकाट होत न्हाई," म्हणायची. पुढं मला त्याचं कारण कळलं. मोड येताना धान्यात पिष्ट तोडणारं अमायलेज तयार होतं, त्यामुळे पीठ जास्त घातलं तरी खीर गोळा होत नाही. म्हणजे तेवढ्याच घासात जास्त अन्न जातं. फार भाजलं तर हा गुण जातो. पीठ आधी गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. गोडीसाठी कुस्करलेलं केळं पुरतं.

घास बाहेर ढकलला म्हणजे नावडला असं नाही. चोखायची सवय असलेली जीभ तसंच करते. आधाराने बसतंय का, मान ताठ धरतंय का बघा, आणि रोज शांतपणे देत राहा. माझ्या धाकट्यानं भोपळा आठ-दहा वेळा थुंकला, मग आवडीनं खायला लागला. सुरुवातीला दिवसातून दोनदा दोन-तीन चमचे, आठव्या महिन्यापर्यंत वाढवत न्यायचे. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा साधारण 125 मिलिलिटरची वाटी. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही.

आता लोहाचं. जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात असलेला साठा सहाव्या महिन्याच्या आसपास ओसरतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणूनच वरचं अन्न नेमकं या वयात लागतं. तुमच्याकडे चालत असेल तर रविवारच्या मटणाचं बोलू. आपल्याकडे लहान मुलाला पहिल्यांदा अळणी पाणी, म्हणजे मसाला घालण्याआधीचं मटण शिजलेलं पाणी, पाजतात. तेही डाळीच्या पाण्यासारखंच, ताकद फोडीत राहते. मीठ घालण्याआधीच एक मऊ शिजलेली फोड बाजूला काढा, बारीक वाटून भातात मिसळा. अंडंही पूर्ण उकडून, पिवळ्यासकट, याच वयात सुरू करता येतं. घरात कुणाला ॲलर्जी असेल किंवा बाळाला इसब (एक्झिमा) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शाकाहारी असाल तर डाळ-पालेभाजीवर लिंबाचे दोन थेंब पिळा, लोह जास्त शोषलं जातं. आशाताईंकडे लोहाचं औषध मिळतं, सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर. चहात बुडवलेलं बिस्कीट कुणी कौतुकानं भरवत असेल तर थांबवा, चहानं लोह अडतं.

उष्टावणाची खीर मामानं चांदीच्या वाटीतून चाटवली तर चाटवू द्या. एका बोटानं काही होत नाही आणि तो दिवस पुन्हा येत नाही. मधाचं बोट मात्र नको. आमच्याकडे महाबळेश्वरहून खात्रीचा मध आला होता आणि आत्याबाईंना वाटलं शुद्ध आहे मग काय हरकत. प्रश्न शुद्धतेचा नाहीच. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात.

द्राक्षाच्या हंगामात तासगावकडून पेट्या येतात, समोर घड असतो, बाळ हात पुढे करतं. अख्खं द्राक्ष, शेंगदाणा, फुटाणा देऊ नका, श्वासनलिकेत अडकतं. बेदाणा रात्री भिजवून वाटून द्या. घास घशाशी गेला की बाळ खोकतं, ओ काढतं, तोंड लाल होतं, तेव्हा घाबरून तोंडात बोट घालू नका, ते स्वतःच बाहेर काढतं. आवाजच येत नसेल आणि ओठ निळे पडत असतील तर घास खरंच अडकलाय, लगेच मदत लागते. म्हणून भरवताना नेहमी बसवून, समोर राहून.

आणि महिन्याला अंगणवाडीत वजन करून रेघ स्वतः बघा. ती आडवी वाटली तर पुढच्या महिन्याची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. माझे दोन महिने तसेच गेले होते. थोरली नंतर भरून निघाली, पण त्या दोन महिन्यांत तिला किती भूक लागत असेल ते आजही डोक्यात येतं.