वाचकांचे प्रश्न : आयव्ही बेन्सन यांचा वाद्यवृंद

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात पुरुष वादक सैन्यात गेले, म्हणून ब्रिटनमध्ये आयव्ही बेन्सन यांच्या केवळ स्त्री-वादकांच्या बँडला वाव मिळाला, असे वाचनात आले. मग त्यांचे यश गुणांचे मानावे की परिस्थितीचे?

उत्तर : दार युद्धाने उघडले, यात शंका नाही. परंतु १९३९ मध्ये उभा राहिलेला हा बँड १९८०च्या दशकापर्यंत वाजत राहिला आणि तेवढ्या काळाचे श्रेय सहा वर्षांच्या युद्धाला देणे अवघड आहे.

आयव्ही यांचा जन्म १९१३ मध्ये लीड्स येथे झाला. वडील ट्रॉम्बोनवादक असल्याने संगीताचे पहिले धडे घरातच मिळाले आणि वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीच त्या कामगारांच्या क्लबांमध्ये पियानो वाजवू लागल्या. पुढे सॅक्सोफोनची ओढ लागली. तो विकत घेण्यासाठी कपडे शिवण्याच्या कारखान्यात नोकरी धरून त्या दर आठवड्याच्या पगारातून अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग, बाजूला टाकत. युद्ध सुरू होण्याच्या कितीतरी आधी, १९२९ पासून, त्या एडना क्राउडसन यांच्या स्त्रियांच्या बँडमध्ये व्यावसायिक वादक म्हणून काम करीत होत्या, हे आपल्या प्रश्नाच्या संदर्भात विसरता येणार नाही.

१९४३ मध्ये बीबीसीने त्यांच्या बँडची निवासी वाद्यवृंद, म्हणजे आपल्या कार्यक्रमांसाठी नियमित वाजवणारा बँड, म्हणून नेमणूक केली, तेव्हा अनेक पुरुष बँडप्रमुखांनी उघड नाराजी दाखवली. १९४५ मध्ये मात्र खुद्द फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी विजयोत्सवासाठी हाच बँड बर्लिनला बोलावून घेतला.

खरी कसोटी पुढेच होती. सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन असे तीन ताफे एकमेकांत गुंफून वाजतात, तेव्हा बिग बँडचा, म्हणजे अशा मोठ्या नृत्यसंगीत-वाद्यवृंदाचा, तो भरीव नाद तयार होतो. त्यामुळे मुख्य ट्रम्पेटवादक निघून गेली, तर केवळ एक खुर्ची रिकामी होत नाही, सगळा ताफा डळमळतो. आयव्ही यांच्यावर ही वेळ सतत येई, कारण अमेरिकी सैनिकांशी लग्न करून त्यांच्या वादक समुद्रापार जात. एकदा कार्यक्रम चालू असताना एक मुलगी मंचावरून उठली. ती प्रसाधनगृहाकडे गेली असावी, असे त्यांना वाटले, पण ती सैनिकाबरोबर गेली ती परत आलीच नाही, हा किस्सा त्या सांगत. (पुढे त्यांनी स्वतःही एका अमेरिकी सैनिकाशीच लग्न केले, ही त्यातली गंमत.)

रिकाम्या जागा भरायच्या कशा? बहुतेक मुलींना त्या काळी पियानो किंवा व्हायोलिन शिकवत, ट्रम्पेट नव्हे. म्हणून आयव्ही उत्तर इंग्लंडमधील ब्रास बँडांकडे वळल्या, जिथे काही घरांतल्या मुली लहानपणापासून कॉर्नेट (ट्रम्पेटसारखेच, पण आखूड वाद्य) फुंकत असत. अशा मुलींचा श्वास आणि स्वर पक्का असे, तरी नृत्यसंगीताची लय अंगात भिनवावी लागे, आणि ते काम आयव्ही स्वतः करीत. ही शिकवणी संपली की बरेचदा ती मुलगी जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. माझ्या मते त्यांचे कर्तृत्व या न थकता केलेल्या पुनरावृत्तीत आहे. रेडिओवरची प्रसिद्धी त्या मानाने सोपी होती.

प्रश्न : त्यांच्या वादकांपैकी पुढे कोणी नाव काढले का?

उत्तर : होय. ब्रास बँडमधून आलेल्या ट्रम्पेटवादक ग्रेसी कोल नंतर स्क्वाड्रोनेअर्स या पुरुषांच्या नामवंत बँडमध्ये वाजवू लागल्या आणि त्यांनी स्वतःचाही बँड काढला. ट्रॉम्बोनवादक शीला ट्रेसी नभोवाणीकडे वळल्या; बीबीसी रेडिओ ४वर बातम्या वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. खुद्द आयव्ही उतारवयात क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी राहिल्या आणि तिथे सुटीसाठी येणाऱ्या लोकांपुढे इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजवीत असत. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.