आंबा गारठला म्हणून लगेच उपटू नका

जानेवारी आला की या सदराकडे एकच प्रश्न येतो, फक्त झाडाचं नाव बदलतं. यावेळी आंबा, चिकू, फणस, केळी, पपई, कढीपत्ता सगळे एकदम आलेत. मी सॅन होजेला अठरा वर्षं आहे आणि आत्तापर्यंत चार आंबे, दोन चिकू माझ्या हातून गेलेत, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या सहा मेलेल्या झाडांकडून शिकलेलं आहे असं समजा.

प्रश्न (सॅन होजे): ताई, तीन वर्षांपूर्वी हापूसचं कलम आणलं, मोठ्या कुंडीत लावलंय. पहिल्याच वर्षी मोहोर आला, आम्ही इंडियात सगळ्यांना फोटो पाठवले, पण फळ काही धरलं नाही. या हिवाळ्यात पानं टोकाकडून काळी पडतायत आणि शेंड्याची फांदी वरून खाली वाळत येतेय. रोज रात्री चादर घालतो, सकाळी काढतो, रोज थोडं पाणी पण देतो. काय चुकलं? झाड मेलं का?

उत्तर: चादर बरोबर, पाणी चुकलं.

जरा आपलं कोकण आठवा. तिथे पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे माती गरम असताना, आणि हिवाळा कोरडा ठणठणीत, त्या कोरड्या गारव्यातच आंबा मोहोरतो. इथे कॅलिफोर्नियात सगळं उलटं आहे, उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही आणि जो काय पडायचा तो नोव्हेंबर ते मार्च, ऐन थंडीत. म्हणजे आंब्याची मुळं तीन-चार महिने ५० फॅरनहाइटच्या आसपासच्या गार चिखलात उभी असतात, त्या थंडीत ती पाणी ओढतच नाहीत, आणि वरून आपण मायेने रोज तांब्याभर ओततो. मुळं कुजतात, मग पानं काळी पडतात, मग शेंडा मरतो, आणि आपण म्हणतो परवाच्या रात्री थंडी लागली. परवाच्या रात्रीने काही केलेलं नसतं हो, ते डिसेंबरपासून चालू असतं.

तर आधी कुंडी पत्र्याखाली किंवा वळचणीला ओढा, पाऊस लागणार नाही अशी. खालची ताटली काढून टाका. बोट दोन पेरं मातीत घाला, गार-ओलं लागलं तर पाणी नाही, मग दोन आठवडे जाऊ देत नाहीतर तीन. जमिनीत लावायचं असेल तर खड्डा करून नका लावू, फूट-दीड फूट मातीचा उंचवटा करा आणि त्याच्यावर लावा, म्हणजे पाणी खाली उतरून जाईल.

मेलं का, तर नखाने साल जरा खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर जिवंत. वाळकी फांदी दिसते घाणेरडी, मान्य, पण आत्ता कापू नका. आत्ता कापलंत तर एखाद्या उबदार आठवड्यात कोवळी फूट येईल आणि पुढच्या गारठ्यात ती पहिली जाईल. एप्रिलमध्ये नवीन पालवी कुठून फुटते ते बघायचं आणि त्याच्या वर कापायचं.

आता हापूसबद्दल, राग मानू नका. माझं माहेर राजापूरचं आहे त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. हापूस रत्नागिरीत पण लाडावलेला आहे, एक वर्ष देतो एक वर्ष रुसतो, आत साका (पांढरट, स्पंजासारखा गर) निघतो, आणि त्याला तुम्ही बे एरियात कुंडीत ठेवलंत. शिवाय इथे मिळणारी बरीचशी कलमं फ्लोरिडाकडच्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मुळाच्या रोपावर, बांधलेली असतात आणि तो खुंट आपल्या इकडच्या गार ओल्या हिवाळ्यात रडतो, हे इथल्या आंबेवेड्यांचं जुनं दुखणं आहे. त्यापेक्षा मनिला आंब्याची कोय लावा. त्या कोयीतून एकापेक्षा जास्त कोंब येतात आणि त्यातले बहुतेक आईसारखेच निघतात, हापूसच्या कोयीचं तसं नाही, तिथे काय निघेल ते देवाला ठाऊक. स्वतःच्या मुळावर वाढलेलं रोप इथे जास्त तग धरतं असा माझा अनुभव, आणि हापूसचा हट्टच असेल तर त्याच्यावर मग डोळा नाहीतर काडी बांधा की.

मोहोराचं पुढे सांगते, त्यावर वेगळा प्रश्न आलाय.

प्रश्न (फ्रीमाँट): झोन मॅपवर आमचा पिनकोड ९बी दाखवतो. म्हणजे नक्की किती थंडी? आणि ज्या रात्री फ्रॉस्टचा इशारा येतो त्या रात्री काय काय करायचं ते एकदा नीट सांगा, आमच्याकडे दरवेळी नवरा एक सांगतो आणि शेजारी दुसरंच सांगतो.

उत्तर: हा अमेरिकेतल्या थंडीच्या पट्ट्यांचा नकाशा, त्यात ९बी म्हणजे वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी २५ ते ३० फॅरनहाइटच्या मधे. २०२३ ला नवा नकाशा आला तेव्हा बऱ्याच जणांचे झोन अर्ध्या पायरीने गरम झाले आणि लोक खुश झाले, पण ती सरासरी आहे, खालची हद्द नाही. डिसेंबर १९९० मध्ये कॅलिफोर्नियात असा कडाका पडला होता की जुनी लिंबू-संत्र्याची झाडं सुद्धा गेली. मोठा आंबा २५ पर्यंत काही तास काढतो, पानं आणि बारीक फांद्या जातात पण खोड राहतं. लहान रोप मात्र २९-३० लाच संपू शकतं. म्हणून पहिले तीन हिवाळे कसेतरी काढायचे, पुढचं झाड बघून घेतं.

धोक्याची रात्र ओळखायला सोपी आहे, आभाळ निरभ्र आणि वारा अजिबात नाही. ढग असले की पांघरूण असतं. निरभ्र रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि गार हवा जड म्हणून पाण्यासारखी उताराकडे वाहून खोलगट जागेत साचते, त्यामुळे टेकडीच्या पायथ्याशी जरा चढावर राहणाऱ्यांची झाडं वाचतात आणि खाली सपाटीवरच्यांची जातात, घरं एका मैलावर असली तरी. तुमच्या बॅकयार्डातही कुंपणाच्या कोपऱ्यात गार हवा तुंबते. झाड घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला ठेवा, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब परत देते.

त्या दिवशी दुपारी बुंध्याभोवतीचा पालापाचोळा, वुडचिप्स काय असेल ते बाजूला सारा आणि जमीन कोरडी असेल तर पाणी द्या. आता तुम्ही म्हणाल वर एकीला पाणी नको म्हणून झापलं आणि इथे पाणी द्या. ती कुंडी होती आणि रोजचं पाणी होतं. इथे जमिनीतलं झाड आहे, एकदाच पाणी, कारण ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊन साठवते आणि रात्री ते सोडते. पालापाचोळ्याची दुलई असली की तीच ऊब आत अडकून राहते, झाडाला मिळत नाही.

मग कापड. जमिनीपर्यंत सोडायचं, तंबूसारखं, कारण ऊब जमिनीतून येते. मी बघते लोक झाडाचं डोकं गुंडाळून खोडाला दोरी बांधतात, लॉलीपॉप करतात, त्याने काय होणार, खालून येणारी ऊब बाहेरच राहिली की. प्लॅस्टिक पानांना टेकलं तर टेकलेली पानं आधी जळतात. फ्रॉस्ट क्लॉथने जाडीप्रमाणे दोन ते पाच डिग्री मिळतात, जास्त नाही. आत ख्रिसमसच्या जुन्या पिवळ्या बल्बची माळ सोडा, ते गरम होतात. एलईडी नको, ते नुसतं दिसायला छान. (आमच्या ह्यांनी एक अख्खा हिवाळा एलईडी लावून ठेवले होते, शेजारी मेरी ख्रिसमस म्हणून जायचे, चिकू गेला.) सगळ्यात गार वेळ पहाटे सूर्य उगवायच्या सुमाराला असते, त्यामुळे रात्री अकराला थर्मामीटर बघून निर्धास्त झोपू नका.

प्रश्न (ह्यूस्टन): फेब्रुवारी २०२१ मध्ये आमचा सात वर्षांचा चिकू आणि फणस दोन्ही गेले. पेरू बुंध्यातून परत आला. आता परत चिकू-फणस लावावे का? आणि कलमी आंब्याच्या बुडातून फूट आली होती ती आता चांगली आठ फूट झालीये पण फळ नाही.

उत्तर: इकडची थंडी सावकारासारखी आहे, रोज थोडं थोडं वसूल करते. तुमच्याकडची दरोडेखोर. उन्हाळा दमट आणि गरम, पाऊस उन्हाळ्यातही भरपूर, चिकू-फणसाला अगदी कोकणासारखं वाटतं, आणि मग एखाद्या फेब्रुवारीत उत्तरेकडून लाट येते आणि एका रात्रीत सगळं नेते. त्या वेळी तुमच्या एअरपोर्टवर १३ फॅरनहाइट नोंदलं गेलं होतं. तिथे कापड आणि बल्ब काहीही करू शकत नाही, स्वतःला दोष देऊ नका, लाइटच गेली होती तिथे कितीतरी लोकांची.

फणस विसरा. ३२ ला पानं जातात, २८ ला झाड, आणि कुंडीत तो नीट वाढत नाही. चिकू मात्र कुंडीत चांगला राहतो, हळू वाढतो हाच त्याचा फायदा. चाकाच्या फळीवर ठेवा आणि लाटेचा अंदाज आला की गॅरेजमध्ये ढकला, चार-पाच दिवस अंधारात राहिला तरी काही बिघडत नाही. पेरू आणि केळी जमिनीतच ठेवा, ती मरतात आणि परत येतात.

आंब्याची ती फूट कलमाच्या जोडाच्या वरून आली की खालून, ते बघा. खालून आली असेल तर तुमची जात गेली, वाढतोय तो खुंट. फळ आलं तरी तुम्ही पैसे देऊन आणलेला आंबा तो नव्हे. मुळं मात्र जुनी आणि जोरदार आहेत, तिच्यावरच ओळखीच्या झाडाची काडी आणून कलम करा, नवीन झाड आणण्यापेक्षा लवकर फळ येईल.

प्रश्न (निफाड): ताई, तुम्ही अमेरिकेतल्यांनाच उत्तरं देता. आमच्याकडे पण पारा चार-पाच डिग्रीवर येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दरवर्षी पेपरात असतो. परसात केळीची चार झाडं आहेत, घड अर्धा बाहेर येऊन अडकलाय. पपईची पण पानं पिवळी पडून गळतायत.

उत्तर: दादा, तक्रार मान्य. तुमचे द्राक्षवाले भाऊबंद पहाटे शेकोट्या करतात आणि विहिरीचं पाणी सोडतात तेच परसात करायचं. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं. शेकोटीत धुरापेक्षा आगीच्या उबेचा उपयोग जास्त, त्यामुळे ओला पाला जाळून नुसता खोकला आणू नका.

केळ साधारण १४-१५ सेल्सिअसच्या खाली वाढायचीच थांबते, त्यात घड निसवायची वेळ आली की तो गळ्यात अडकतो. अडकलेल्या घडाचं आता फार काही होणार नाही, ओढून काढू नका, मोडेल. खरा उपाय वेळेचा आहे. जळगावकडे मृगबाग जून-जुलैत लावतात म्हणजे घड येतो तेव्हा कडाका सरलेला असतो. तुम्ही घरी लावणार म्हणजे मुनवे (बुडाशी फुटणारी पिल्लं) राखणार, तर जून-जुलैचा एक जोमदार तलवारीसारख्या पानाचा मुनवा ठेवा आणि मार्च-एप्रिलचे काढून टाका, कारण त्यांचा घड बरोबर डिसेंबर-जानेवारीत येतो. जो घड बाहेर आलाय त्याला पिशवी घाला, खालून उघडी.

पपईला थंडी आणि साचलेलं पाणी दोन्ही एकत्र झालं की संपलं. आळं मोडून बुंध्याशी माती चढवा, शेंडा हिरवा असेल तर फेब्रुवारीत सावरेल. बुंधा दाबून मऊ लागला तर काढून टाका.

प्रश्न (लिव्हरमोर): फळझाड नाही पण विचारते, कढीपत्ता पूर्ण बोडका झालाय. सासूबाई येणार आहेत, त्यांना पुण्याहून रोप आणायला सांगू का?

उत्तर: नाही नाही नाही. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, आणि लिंबू-संत्र्याची वाट लावणारा सिट्रस सायलिड नावाचा किडा त्याच्यावर आनंदाने राहतो. तो कॅलिफोर्नियात २००८ ला सापडला आणि त्याच्यामार्फत पसरणारा ग्रीनिंग रोग २०१२ ला. रोप, काडी काहीही बॅगेत आणणं बेकायदेशीर आहे, एअरपोर्टवर सासूबाईंसमोर शोभा होईल ती वेगळी. इथल्या इथेसुद्धा क्वारंटाइन भागातून रोप हलवायला बंदी असते, म्हणून मैत्रिणीकडून घेताना विचारून घ्या. तुमचा बोडका झालाय कारण तो झोपलाय. पाणी जवळजवळ बंद करा, एप्रिलमध्ये फुटेल. तोपर्यंत दुकानातला.

प्रश्न (सॅन होजे, दुसऱ्या वाचक): जानेवारीतच मोहोर आलाय. तोडा म्हणतात, हात धजत नाही. आणि फळ नाहीच आलं तर निदान गुढीला डहाळा मिळतो म्हणून झाड ठेवावं का?

उत्तर: तोडा. ४० फॅरनहाइटच्या खाली काही तास गेले की फुलं आणि बारीक कैऱ्या मरतात, वरून पाऊस, मग मोहोर काळा पडतो आणि ती बुरशी फांदीत उतरते. जी धरतात ती गोटीएवढी, आत कोय नसलेली, गळून जातात. देठाशी नाही, मोहोराचा थोडा भाग ठेवून तोडा. बहुतेक वेळा मार्च-एप्रिलमध्ये परत येतो आणि तेव्हा मधमाश्याही असतात. झाड कमरेएवढं असेपर्यंत मात्र दुसरा मोहोर पण तोडा.

डहाळ्यासाठी झाड ठेवा की, मी तशीच ठेवलीयेत दोन. फक्त लहान झाडाला हिवाळ्यानंतर तीस-चाळीस पानं उरलेली असतात, त्यातून अख्खा डहाळा आणि दाराला तोरण काढलंत तर त्याच्याकडे काय राहिलं. खालच्या फांदीची जुनी, जून झालेली पानं घ्या, शेंड्याला हात लावू नका. आमची गुढी पाच पानांवर भागवते.