‘इम्पॅक्ट’ आणि ‘गेम चेंजर’ यांना मराठीत काय म्हणावे?

‘निर्णयाचा मोठा इम्पॅक्ट झाला’, ‘योजना गेम चेंजर ठरली’ अशा वाक्यांतील इंग्रजी शब्दांना मराठीत एकेक नेमका प्रतिशब्द आहे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते तसा एकच शब्द शोधू नये. ‘इम्पॅक्ट’ परिणामाचे फक्त मोठेपण सांगतो; मराठी शब्द मात्र तो परिणाम कोणत्या जातीचा होता आणि कोणाच्या वाट्याला कसा आला, हेही सांगतात.

मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरणी संप घ्या. ‘संपाचा शहरावर मोठा इम्पॅक्ट झाला’ हे खोटे नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. संपाचा थेट फटका बसला तो सुमारे २.५ लाख कामगारांना. झळ पोहोचली ती त्यांच्यासाठी खानावळी चालवणाऱ्या बायकांना आणि गावी मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या घरांना. कामगार चळवळीला हादरा बसला आणि गिरणगावाच्या इतिहासाला कायमची कलाटणी मिळाली. यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी घालून पाहावा, अर्थ लगेच बिघडतो.

शिवाय या प्रत्येक नामाचे क्रियापद ठरलेले आहे. ठसा उमटतो, छाप पडते, पगडा बसतो. म्हणूनच ‘इम्पॅक्ट केला’ याचे ‘प्रभाव केला’ असे रूपांतर करून वाक्य मराठी होत नाही.

‘गेम चेंजर’च्या बाबतीत तर शब्दशः भाषांतर धोक्याचेच आहे, कारण ‘डाव उलटला’ म्हणजे बेत अंगाशी आला. तेथे नामाचा आग्रह सोडून ‘या योजनेने चित्र पालटले’ किंवा ‘त्या षटकात सामन्याचे पारडे फिरले’ असे क्रियापदाने सांगावे. विशेषणच हवे असेल तर ‘निर्णायक’ आहे.

माझा आक्षेप परक्या शब्दांना नाही. ‘फरक’ मुळात अरबी असूनही ‘त्याने मोठा फरक पडला’ हे अस्सल मराठी वाक्य आहे. आयपीएलमध्ये २०२३ पासून आलेला ‘इम्पॅक्ट प्लेअर’ हे तर एका नियमाचे नाव आहे, ते तसेच ठेवावे.