रीडिंग तीन हजार, वय पस्तीस

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: 1985 ते 1995 या काळातली दुर्मिळ, कमी चाललेली स्पोर्ट मोटरसायकल संग्रहासाठी घ्यायची तर काय बघावं? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: 1990 सालची होंडा व्हीएफआर 750 आर, म्हणजे आरसी 30, पाहून आलो. मीटरवर 2,900 आहे. विश्वास ठेवावा का?

आधी 2,900 काय, ते विचारा. मीटर मैलांचा असेल तर ते 4,667 किलोमीटर होतात. मग मीटरची तबकडी बघा. जपानमधल्या विक्रीसाठी बनलेल्या गाड्यांचा स्पीडोमीटर ताशी 180 किलोमीटरवर संपतो. अशी गाडी परदेशी गेली की पुष्कळदा मीटर बदलला जातो आणि जुनं रीडिंग जुन्या मीटरबरोबर निघून जातं. यात लबाडी असतेच असं नाही. पण जुना मीटर किंवा बदलल्याची पावती दाखवता येत नसेल, तर नव्या आकड्याचे पैसे मोजू नका.

शिवाय या मीटरला केबल असते. केबल सोडली की गाडी धावते आणि आकडा जागच्या जागी राहतो. म्हणून झिजणारे भाग तपासा. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने जाडी मोजा आणि कडेवरून नख फिरवा. तीन हजार किलोमीटरमध्ये डिस्कला नखाला लागेल असा काठ पडत नाही. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला कललेले, ब्रेक पेडलची जाळी गुळगुळीत, फोर्कच्या खालच्या भागावर आणि एक्झॉस्टच्या पुढच्या पाइपांवर खड्यांचे टोचे, किल्लीच्या भोकाभोवती ओरखड्यांचं वर्तुळ: यातलं काहीही दिसलं की आकडा संशयास्पद.

टायरही बोलतात. 2000 पासूनच्या टायरवर तारखेचे चार अंक असतात, आधीच्यांवर तीन. 389 म्हणजे एखाद्या नवाच्या वर्षातला अडतिसावा आठवडा. मूळ टायर अजून असतील तर रीडिंगला मोठा आधार मिळतो. टायर दोनदा बदललेले असतील तर 2,900 चं गणित विक्रेत्यालाच समजावून सांगू द्या.

आरसी 30 बाबत एक जास्तीची खबरदारी. ही गाडी मुळात शर्यतीची पात्रता मिळवण्यासाठी विक्रीला आली. वर्ल्ड सुपरबाइक स्पर्धा 1988 मध्ये सुरू झाली आणि पहिली दोन्ही विजेतेपदं फ्रेड मर्केलने याच गाडीवर मिळवली. साहजिकच बऱ्याच गाड्या ट्रॅकवर गेल्या आणि नंतर दिवे-आरसे लावून रस्त्यावर परतल्या. ट्रॅकवर स्पीडोमीटर काढूनच ठेवतात, त्यामुळे तिथले किलोमीटर कुठेच नोंदले जात नाहीत. ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण आणि कॅलिपरचे बोल्ट यांच्या डोक्यांत सेफ्टी वायर (शर्यतीत बोल्ट सुटू नये म्हणून बांधतात ती तार) ओवायला पाडलेली बारीक छिद्रं शोधा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फ्रेमवरचे स्टीअरिंग स्टॉप बघा. ते चेपलेले किंवा वेल्डिंगने पुन्हा बसवलेले असतील तर गाडी जोरात पडलेली आहे.

प्रश्न: गाडी पंधरा वर्षं सुरू केलेली नाही. विक्रेता म्हणतो, बॅटरी आणतो, लगेच सुरू करून दाखवतो. दाखवू द्यावं का?

नाही. बटण दाबायची घाई म्हणजे चांगलं इंजिन बिघडवायची सर्वांत स्वस्त रीत. एवढ्या काळात सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरलेलं असतं, आणि एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर त्या सिलिंडरात दमट हवा शिरलेली असते. पिस्टन रिंग जिथे थांबली तिथे गंजाची कडी धरते. स्टार्टरने फिरवलं की तीच कडी रिंगला खरवडते.

प्लग काढून भोकातून बोअरस्कोप, म्हणजे आत बघायचा बारीक कॅमेरा, घाला. भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यात घासून पाडलेल्या) तिरक्या रेषा स्वच्छ दिसल्या तर उत्तम. तपकिरी पट्टा दिसला तर किमतीची बोलणी नव्याने सुरू करा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण 5 मिली इंजिन ऑइल सोडा आणि एक दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला पाना लावून, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने, हाताने दोन पूर्ण फेरे द्या. कुठे अडलं तर जोर लावू नका.

डुकाटी 851 किंवा 916 असेल तर त्याआधी टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह उघडणारे कॅम फिरवणारा पट्टा) बदला. तो बेल्ट किलोमीटरवर नाही, वयावर मरतो. गाडी उभी असली तरी दोनेक वर्षांनी बदलायचाच. तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. आरसी 30 चे कॅम गिअरवर फिरतात, तिथे ही काळजी नाही.

पुढे ऑइल आणि फिल्टर बदला. जुनं पेट्रोल काढून टाका आणि टाकीत टॉर्च मारून गंज बघा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी तळाशी बसतं. कार्बोरेटर उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये. पायलट जेटचं (कमी वेगाला पेट्रोल देणाऱ्या नळीचं) भोक जेमतेम 0.4 मिमीचं असतं, ते वाळलेल्या पेट्रोलच्या राळेने बंद होतं. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. अल्ट्रासॉनिक टाकीत धुवायचं तर रबरी डायफ्रॅम आणि ओ-रिंग आधी काढून ठेवा.

शेवटी प्लग बाहेर ठेवून, त्यांच्या वायर इंजिनला टेकवून अर्थ करून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. वायर अधांतरी ठेवल्या तर इग्निशन युनिट जळू शकतं. आता प्लग लावा आणि बाहेरच्या छोट्या बाटलीतून ताजं पेट्रोल देऊन सुरू करा. कॉम्प्रेशनचा आकडा याआधी घेतला तर तो फसवा येतो, कारण कोरड्या रिंगा हवा सोडतात आणि घातलेलं ऑइल आकडा फुगवतं.

विक्रेता हे करू देत नसेल, तर गाडी बंद इंजिनाची समजूनच किंमत सांगा.

प्रश्न: सुझुकी आरजी 500 गामा की यामाहा आरडी 500 एलसी? दोन्ही अगदी कमी चाललेल्या मिळत आहेत.

दोन्ही चार सिलिंडरच्या टू-स्ट्रोक, दोन्हींना दोन-दोन क्रँकशाफ्ट. निवड आवडीवर करा, पण कमी चाललेल्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवतीची हवाबंद रबरी कडी) हाच कळीचा भाग. उभ्या गाडीत सीलची रबरी ओठ वाळून कडक होते. बाहेरच्या बाजूचा सील गळला की हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, आणि गाडी मस्त पळते आहे असं वाटत असतानाच पिस्टन धरतो. गिअरबॉक्सच्या बाजूचा गळला तर तिथलं ऑइल जळतं: न संपणारा पांढरा धूर आणि गिअरबॉक्सची उतरत जाणारी पातळी.

खात्री करायची तर इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून 6 पीएसआय हवा भरा आणि सहा मिनिटं थांबा. काटा मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. ती साबणाच्या पाण्याने शोधा. मधले सील बदलायला क्रँककेस उघडावीच लागते, म्हणून पंचवीस वर्षं उघडलंच नाही अशा इंजिनाच्या किमतीतून तो खर्च आधीच वजा करा. ऑइल पंपाच्या नळ्यांत हवा अडकलेली नाही ना, तेही बघा. पहिल्या टाकीभर पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं बरं.

प्रश्न: इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर वेगळा आहे. सौदा सोडू का?

नुसत्या तेवढ्यावरून नको. होंडासह अनेक जपानी कारखान्यांतून हे दोन नंबर वेगळेच निघत. कागदांवर काय आहे आणि दोन्ही नंबरांच्या आधीची अक्षरं त्या मॉडेलची आहेत का, हे महत्त्वाचं. अंकांभोवती घासल्याच्या खुणा, कमी-जास्त खोली किंवा ताजा रंग दिसला तर मात्र उठा.

प्रश्न: एका गाडीचं फेअरिंग (बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण) नवंकोरं, दुसरीचं मूळ पण तडकलेलं आणि फिकट. कोणती घ्यावी?

दुसरी, बहुतेक वेळा. आधी नव्याची आतली बाजू बघा. कारखान्याचं फेअरिंग साच्यातलं प्लॅस्टिक असतं, आत पार्ट नंबर किंवा साच्याच्या खुणा उठलेल्या असतात. आत काचेच्या धाग्यांची वीण दिसली तर ते फायबर ग्लासचं, मागाहून केलेलं. मूळ तडा आतून प्लॅस्टिक वेल्डिंगने जोडता येतो, पण मूळ रंग आणि स्टिकर एकदा खरवडले की संपले. हेच मूळ सायलेन्सर, आरसे, इंडिकेटर, टूलकिट आणि दोन्ही किल्ल्यांचं. शर्यतीचा सायलेन्सर लावलेला असेल तर मूळ कुठे आहे हे पैसे देण्याआधी विचारा. या बारीकसारीक वस्तू नंतर सुट्या जमवायला गेलात तर इंजिनाच्या कामापेक्षा जास्त वेळ जातो.

प्रश्न: घेतल्यावर चालवावी की ठेवावी?

चालवायची तर मूळ टायर उतरवा, तारखेसकट जपून ठेवा आणि नवे लावा. पस्तीस वर्षांचा टायर दिसायला चकचकीत असला तरी रबर दगड झालेलं असतं. ब्रेक ऑइल आणि कूलंट दर दोन वर्षांनी बदला. ब्रेकच्या जुन्या रबरी नळ्या आतून सुजतात आणि कॅलिपर सुटत नाही, त्यांचीही गय करू नका.

ठेवायची तर दर महिन्याला पाच मिनिटं इंजिन चालवण्याची सवय मात्र सोडा. तेवढ्यात ऑइल तापत नाही, जळण्यातून आलेलं पाणी क्रँककेसमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं. एक तर अर्धा तास रस्त्यावर न्या, नाहीतर हात लावू नका. कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या, टाकी काठोकाठ किंवा पूर्ण कोरडी, दोन्ही चाकं स्टँडवर उचललेली, बॅटरी काढून मेंटेनरवर (ती भरलेली ठेवणाऱ्या चार्जरवर), खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास. वर प्लॅस्टिक नको, सुती कापड टाका. उंदीर घर करू नयेत म्हणून एअरबॉक्सच्या आणि सायलेन्सरच्या तोंडात बोळे घाला, आणि किती बोळे कुठे घातले याची चिठ्ठी किल्लीला बांधा.